तळटीप वाचणारी माणसं

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी, श्रेया सिंघल खटल्यात, घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तरीही पुढची कित्येक वर्षं देशातली पोलीस ठाणी त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिली. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात यावर सुनावणी झाली, तेव्हा तत्कालीन महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी त्यामागचं एक साधं कारण सांगितलं. कायद्याच्या छापील पुस्तकात कलम जसंच्या तसं दिसतं, ते रद्द झाल्याचं खाली तळटिपेत लिहिलेलं असतं, आणि पोलीस अधिकारी तळटीप वाचत नाहीत.

तळटीप वाचणं हेच ज्यांचं रोजचं काम, त्यांना विधी ग्रंथपाल म्हणतात. उच्च न्यायालयांची ग्रंथालयं, वकील संघटनांची वाचनालयं, विधी महाविद्यालयं, मोठ्या लॉ फर्म, इथे ही माणसं काम करतात. वकिलाच्या युक्तिवादाची बातमी होते, न्यायाधीशाचा निवाडा छापून येतो. त्या दोघांच्या हातात योग्य पान वेळेवर ठेवणाऱ्याची दखल सहसा कोणी घेत नाही. त्यातले अनेक जण कायद्याच्या वर्गात कधी बसलेलेच नसतात, हे तर बाहेरच्यांना ठाऊकही नसतं.

अमेरिकेत विधी ग्रंथपालांची संघटना १९०६ पासून आहे, आणि तिथल्या लॉ स्कूलच्या ग्रंथालयांत संदर्भसेवेच्या जागेसाठी कायदा आणि ग्रंथालयशास्त्र अशा दोन्ही पदव्या अनेकदा मागितल्या जातात. आपल्याकडे रस्ता निराळा आहे. कुठल्याही शाखेची पदवी, त्यावर एक वर्षाचं बी.लिब., आणखी एक वर्षाचं एम.लिब. महाविद्यालयात जागा हवी तर नेट किंवा सेट. यात कायद्याची अट कुठेच नाही. त्यामुळे मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेली मुलगी, बी.कॉम. झालेला मुलगा, रसायनशास्त्राची पदवीधर, वकिलीत मन न रमलेला एलएल.बी., असे सगळे याच टेबलापाशी येऊन पोचतात. ग्रंथालयात परिचर म्हणून लागलेला माणूस नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.लिब. करतो आणि ज्या कपाटांवरची धूळ झटकली त्याच कपाटांचा प्रमुख होतो, हाही मार्ग उघडा आहे. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

या व्यवसायात बाहेरून येण्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा सुरुवातीला त्यांचं मन लागेना, परत शिकवायला जावं असंच त्यांना वाटत होतं. पुढे त्यांनी वर्गीकरणाची स्वतःची पद्धत उभी केली, ती गणिती शिस्तीच्याच बळावर. आणि पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचं नाव आहे ते मुकुंदराव जयकर तर बॅरिस्टर, फेडरल कोर्टाचे न्यायाधीश आणि विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. कायदा आणि ग्रंथालय यांचं नातं महाराष्ट्राला नवं नाही.

नवागताची पहिली परीक्षा सायटेशनची, म्हणजे निवाडा कुठल्या खंडात, कुठल्या पानावर आहे हे सांगणाऱ्या खुणेची. समजा, एक ज्युनिअर वकील धापा टाकत येतो: “मॅडम, केशवानंद काढा ना लवकर. आमचं बारा नंबरला आहे, दहावं सुरू झालं.” चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘एआयआर १९७३ एससी १४६१’. नवी मुलगी १९७३ चा खंड काढते, १४६१ क्रमांकाचं पान शोधू लागते, आणि ते सापडत नाही. कारण एआयआर म्हणजे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, आणि त्याच्या वर्षाच्या संचात सर्वोच्च न्यायालयाचा विभाग वेगळा, प्रत्येक उच्च न्यायालयाचा वेगळा, आणि प्रत्येक विभागाची पानं पुन्हा एकपासून सुरू होतात. तिच्या हातात दुसऱ्याच विभागाचा खंड असतो. शेजारचे जुने परिचर एव्हाना बरोबर खंड घेऊन आलेले असतात; त्यांना पाठीचा रंग आणि जाडी पाहूनच कळतं. केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा मतांनी दिलेला तो निवाडा, तो खंड जाड असणारच.

मग कळतं की हाच निवाडा एससीसीमध्ये, म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’मध्ये, १९७३ च्या चौथ्या खंडात पान २२५ वर आहे. एआयआरमध्ये वर्ष हाच खंड. एससीसीत वर्ष कंसात, त्यानंतर खंडाचा क्रमांक. दोन्हींची पानं वेगळी, परिच्छेदांचे क्रमांकही जुळतीलच असं नाही. वकिलाच्या हातात एक आणि न्यायाधीशांसमोर दुसरं असेल, तर भर कोर्टात पानं उलटण्यात वेळ जातो. शिवाय बॉम्बे लॉ रिपोर्टर आहे, नागपूरचा महाराष्ट्र लॉ जर्नल आहे, क्रिमिनल लॉ जर्नल आहे. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने आणि आपल्या उच्च न्यायालयानेही निवाड्यांना स्वतःचे क्रमांक द्यायला सुरुवात केली, त्यामुळे प्रकाशक कोणताही असो, ओळख एकच राहील. सोय चांगली आहे. पण शंभरेक वर्षांचे जुने दाखले त्यामुळे बदलत नाहीत, ते जुन्याच खुणांनी शोधावे लागतात.

दुसरी गोष्ट मात्र आधी शिकलेलं विसरायला लावते. नवी आवृत्ती आली की जुनी बाद करावी, जागा मोकळी करावी, हे ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतात. विधी ग्रंथालयात असं करणं घातक ठरतं. इथे प्रश्न विचारला जातो तो ‘घटना घडली त्या दिवशी कायदा काय होता?’ असा. भारतीय दंड संहितेची ५११ कलमं जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची ३५८ आली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. पण ३० जून २०२४ च्या रात्री घडलेल्या गुन्ह्याचा खटला जुन्याच संहितेखाली चालतो, आणि असे खटले अजून कित्येक वर्षं चालणार. मुंबईतल्या भाडेकरूंच्या दाव्यांचंही तेच. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० रोजी लागू झाला, तरी आधीचे दावे १९४७ च्या जुन्या कायद्यावरच लढले गेले. ज्या ग्रंथालयाने टीकाग्रंथांची जुनी आवृत्ती रद्दीत घातली, त्याने कुणाच्या तरी घराचा आधार काढून घेतला, असं मी म्हणेन.

नवागत आपल्यासोबत जे आणतो त्याचा उपयोग इथे लगेच होतो. वाणिज्य शाखेच्या मुलाला प्राप्तिकराचे निवाडे घाबरवत नाहीत. विज्ञानाच्या पदवीधराला पेटंटच्या वादातलं रसायन कळतं. आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मराठीत कामकाज चालतं. तिथे अधिनियमांचे अधिकृत मराठी पाठ आणि भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ नेमका कुठे आहे हे सांगणारी व्यक्ती मराठीची पदवीधर असली तर वकिलांचं भाग्यच. आणि गोव्यात तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतल्या काही कौटुंबिक तरतुदी आजही लागू आहेत. वारसाहक्काच्या एखाद्या जुन्या मुद्द्यावर अनुवाद आणि मूळ मजकूर यांत फरक आहे का हे पाहायचं असेल, तर पोर्तुगीज जाणणारा ग्रंथपाल दहा वकिलांच्या तोडीचा.

आता सगळं संगणकावर आहे, मग ग्रंथपाल कशाला, असं विचारणारे भेटतात. निवाडे शोधून देणारं ‘इंडियन कानून’ हे संकेतस्थळ २००८ पासून मोफत आहे, सर्वोच्च न्यायालयाचा ई-एससीआर हा निवाड्यांचा ऑनलाइन संग्रह २ जानेवारी २०२३ ला सुरू झाला. दोन्ही उपक्रमांनी सामान्य माणसाला न्यायालयाच्या जवळ आणलं, यात वाद नाही. पण जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला पाच हजार डॉलर दंड केला, कारण त्यांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात दाखल केले होते. बंगळुरूच्या प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणालाही डिसेंबर २०२४ मधला एक आदेश अशाच बनावट दाखल्यांमुळे मागे घ्यावा लागला. निवाडा खरोखर आहे का, असेल तर पुढे कुणी तो फिरवला का, हे दोन प्रश्न खंड काढून विचारायची सवय ज्याला आहे, त्याची गरज आज पूर्वीपेक्षा जास्त आहे.

अडचण एकच आहे, आणि ती आपण सोडवू शकतो. नव्या माणसाला हे सगळं शिकवायचं कुणी ठरवलेलंच नाही. तो शिकतो तो शेजारच्या जुन्या माणसाकडून, आणि जुना माणूस निवृत्त होऊन खुर्ची कित्येक महिने रिकामी राहिली की ती शिकवणीही संपते. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात कायद्याच्या संदर्भसाधनांवर एक स्वतंत्र विषय असायला हवा. नव्या ग्रंथपालाला पहिले काही आठवडे प्रत्यक्ष कोर्टात मागच्या बाकावर बसवायला हवं, आपण काढलेल्या पानाचं पुढे काय होतं हे त्याने पाहायला हवं. वकील संघटना आणि विधी महाविद्यालयं यांना एवढीच विनंती: नव्या ग्रंथपालाची नेमणूक जुना निवृत्त होण्याच्या निदान सहा महिने आधी करा, नंतर नव्हे.