लघुउद्योगाचे ई-मेल विपणन : हापूस बागायतदाराच्या संदर्भात

प्रास्ताविक

मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीतील विपणन अधिकारी गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे ४०० व्यक्तींना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकाच वेळी पाठविले. नको असलेल्या घाऊक ई-मेलचा आद्य नमुना म्हणून या पत्राचा उल्लेख केला जातो. कंपनीला त्यातून ग्राहक मिळाले. पण संतप्त तक्रारीही आल्या, कारण हे पत्र कोणी मागितलेले नव्हते. पुढे सेथ गोडिन यांनी १९९९ मधील ‘परमिशन मार्केटिंग’ या पुस्तकात ग्राहकाच्या पूर्वसंमतीला विपणनाच्या केंद्रस्थानी आणले. ई-मेलची परिणामकारकता यादीच्या लांबीपेक्षा ती यादी कशी जमली यावर अवलंबून असते, हा विचार प्रस्तुत लेखात थेट विक्री करणाऱ्या कोकणातील आंबा बागायतदाराच्या संदर्भात मांडला आहे.

थेट विक्री आणि ई-मेल

बागायतदार परंपरेने आपल्या पेट्या वाशीच्या बाजारात पाठवितो. भाव तेथे ठरतो. वाहतूक, हमाली व दलाली वजा जाता हाती काय उरले, हे पट्टी आल्यावर कळते. आपला आंबा कोणी खाल्ला, हे मात्र कधीच कळत नाही. थेट विक्रीत हा ग्राहक ओळखीचा होतो आणि पुढील हंगामात त्याच्याशी पुन्हा बोलता येते. फळाइतकीच ही ओळखही बागायतदाराची मिळकत होय.

‘पेटी आज निघाली’ एवढेच सांगावयाचे असेल तर व्हॉट्सअॅप पुरेसे आहे. तेथे ई-मेलचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. परंतु दर, फळाचा आकार, पाठवणीच्या तारखा, रक्कम भरण्याची पद्धत हा तपशील ग्राहकाला जपून ठेवावा लागतो व ऐनवेळी शोधावा लागतो. भेटीदाखल पेट्या घेणाऱ्या कार्यालयांत तर तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो. अशा व्यवहाराला ई-मेलच सोयीचा. शिवाय समाजमाध्यमावरील अनुयायी त्या माध्यमाच्या मर्जीवर असतात. पत्त्यांची यादी मात्र एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे नेता येते.

ही यादी विकत घेऊ नये, तसेच प्रदर्शनात जमलेली भेटपत्रे सरसकट तीत ओतू नयेत. पावतीवर वा मागणीपत्रावर ‘पुढील हंगामाची माहिती ई-मेलने हवी आहे’ असा रिकामा चौकोन ठेवावा आणि खूण ग्राहकालाच करू द्यावी. हा केवळ सौजन्याचा भाग नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण व स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते, आणि ती देण्याइतकेच ती मागे घेणेही सुलभ असावे लागते. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने योजिली आहे.

पत्रात काय लिहावे

येथेच बहुतेक लघुउद्योजक चुकतात. वर्षभर मौन पाळून एप्रिलमध्ये अचानक ‘त्वरा करा, मर्यादित साठा!’ असे लिहिणे हे पत्र नव्हे, आरोळी होय. बागेचे वेळापत्रकच पत्रांचे वेळापत्रक ठरवू शकते. मोहोर स्थिरावल्यावर पहिले पत्र. अवकाळी पाऊस वा तुडतुड्यांनी नुकसान झाले असेल तर तेही त्यात असावे. फळधारणेनंतर दुसऱ्या पत्रात पहिल्या तोडणीची अंदाजे तारीख द्यावी व आगाऊ मागणी घ्यावी. तोडणी लांबल्यास तसे कळवावे. उशिराचे खरे कारण समजलेला ग्राहक थांबतो. कारण न समजलेला दुसरीकडे वळतो.

पेटीबरोबरच पोहोचावे असे एक पत्र अधिक मोलाचे. चौदा आणे तयार झालेले फळ हिरवेच उतरवितात, ते पेंढ्याच्या आढीत कसे पिकवावे, पिकण्यापूर्वी फ्रीजमध्ये का ठेवू नये, हे शहरातील ग्राहकाला ठाऊक असतेच असे नाही. साक्याचा उल्लेखही टाळू नये. हा दोष फळ कापल्याखेरीज बाहेरून दिसत नाही. असे फळ निघाल्यास छायाचित्र पाठवा, बदली फळ वा पैसे मिळतील, हे आधीच लिहावे. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी अन्य प्रांतांतील आंबा त्याच नावाने विकला जात असल्याच्या तक्रारी होत असतात. अशा बाजारात स्वतःच्या मालातील दोष सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास बसतो.

विषयाच्या ओळीतील पहिले चार-पाच शब्दच मोबाइलवर हमखास दिसतात. ‘हापूस : पहिली तोडणी २० मार्चला’ ही ओळ कोणत्याही विशेषणांच्या माळेपेक्षा उपयुक्त ठरते.

पोहोच आणि मोजमाप

पत्र पाठविले म्हणजे पोहोचले असे नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी प्रेषकांसाठीचे नियम कडक केले. प्रेषकाची ओळख एसपीएफ, डीकेआयएम या तांत्रिक नोंदींनी सिद्ध करावी लागते. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना डीमार्क व एका टिचकीत नाव वगळण्याची सोयही सक्तीची आहे. लहान विक्रेत्यानेही ही सोय द्यावी. घाऊक पत्रे पाठविणाऱ्या सेवेतून प्रेषक म्हणून जीमेलचा मोफत पत्ता वापरण्यापेक्षा स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यावे. ‘स्पॅम’ अशा तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत राखण्याची गूगलची अपेक्षा आहे. ४०० पत्त्यांच्या यादीत केवळ दोन तक्रारी आल्या तरी गणिताने हे प्रमाण ०.५ टक्के होते! विकत घेतलेली यादी लहान उद्योगाला किती महाग पडू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

पत्र किती जणांनी उघडले, या आकड्यावर आता विसंबता येत नाही. तो पत्रातील अदृश्य चित्र उतरविले गेले की नाही यावरून काढला जातो, आणि २०२१ पासून अॅपलच्या मेलमधील गोपनीयतेची सोय असे चित्र वाचकाने पत्र न उघडताही उतरवून घेते. त्यापेक्षा प्रत्येक पत्रामागे मागण्या किती आल्या, उत्तरे किती आली आणि गतवर्षीचे किती ग्राहक परतले, एवढ्या तीन नोंदी वहीत ठेवाव्यात. सलग दोन हंगाम मागणी वा उत्तर न देणाऱ्यास ‘यादीत राहावयाचे आहे काय?’ असे एकदा विचारावे आणि उत्तर न आल्यास पावसाळ्यात, बागेची छाटणी करतानाच, त्याचे नावही वगळावे.