व्हिसाची पहिली पायरी ग्रामपंचायतीत

आखातात निघालेल्या माणसाचा व्हिसा कुठे अडला, असं रत्नागिरीत कुणालाही विचारा. उत्तर येतं, ‘वकिलातीत’. परदेशी जाणाऱ्यांचे कागद तयार करून देणाऱ्या एका जाणकार गृहस्थांच्या दुकानात बसून मी हे काम पाहिलं. खरी गाठ पुष्कळदा आपल्याच गावच्या दप्तरात बसलेली असते, हे तिथे उमगलं.

राजिवड्याहून आलेल्या एका तरुण बाईंचा नवरा दुबईत नोकरीला. त्यांना लेकराला घेऊन तिकडे जायचं होतं. गृहस्थांनी पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला शेजारी शेजारी मांडला. मग पेन्सिलीचं टोक एकेका अक्षराखाली धरून तिन्ही कागदांवरची नावं मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. पासपोर्टवर ‘मोहम्मद’च्या मधोमध दोन एम, विवाहाच्या दाखल्यात एकच.

“ताई, हे आधी इथेच दुरुस्त करून घ्या,” ते म्हणाले. “शिक्के बसल्यावर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.”

हे शिक्के म्हणजे एकामागून एक तपासणी. दाखल्यावर स्थानिक अधिकाऱ्याची सही असते. ती खरी असल्याची ग्वाही राज्य सरकार देतं, त्यासाठी कागद मुंबईला मंत्रालयात जातो. राज्याच्या सहीची खातरजमा परराष्ट्र मंत्रालय करतं. अमिरातीसाठी त्यापुढे त्यांच्या वकिलातीचा शिक्का आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र खात्याची मोहोर. ओमान, बहरीन आणि 2022 पासून सौदी अरेबिया ॲपोस्टिलच्या, म्हणजे एकाच शिक्क्यावर एकमेकांचे कागद मान्य करण्याच्या, आंतरराष्ट्रीय करारात आहेत. भारत त्यात 2005 पासून आहे. त्यामुळे या देशांसाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपोस्टिल पुरतं, वकिलातीची फेरी वाचते. पण यातला प्रत्येक अधिकारी आधीच्या सहीची आणि शिक्क्याची खात्री करतो. आतलं नाव बरोबर आहे की नाही, हे पाहणं त्याचं काम नसतं. गावात राहिलेली चूक अशी सगळे शिक्के घेऊन थेट व्हिसाच्या खिडकीपर्यंत पोचते.

आपल्याकडे नावांचा गुंता अधिकच. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत पाळण्यातलं नावही बदलतं. मग दहावीच्या गुणपत्रिकेवरची मुलगी आणि मुलाच्या जन्मदाखल्यातली आई या कागदोपत्री दोन वेगळ्या बायका ठरतात. दोघी एकच आहेत, हे सिद्ध करायला विवाहाचा दाखला लागतो. कधी राजपत्रात नावबदल छापून आणावा लागतो.

दापोलीकडचा एक पोरगा आला. शाळा नववीत सुटलेली, आखातात मजुरीचं काम मिळत होतं. दहावी झालेली नसली की सहसा पासपोर्टवर ‘ईसीआर’ची नोंद होते. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली अशा माणसाला ठरावीक 18 देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. आखातातले सहाही देश त्या यादीत आहेत. पोराला ही कटकट वाटत होती. गृहस्थांनी त्याला बसवून घेतलं आणि समजावलं, “अरे, मंजुरीसाठी करार दाखवावा लागतो. पगार किती, मालक कोण, सगळं नोंदलं जातं. दहा लाखांचा विमा असतो. उद्या तिकडे काही झालं तर हाच कागद तुझ्या बाजूने बोलेल.” टुरिस्ट व्हिसावर पाठवतो म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नकोस, हेही त्यांनी बजावलं. त्या दुकानात ऐकलेला सगळ्यात मोलाचा सल्ला मला हाच वाटला.

कागद पुढे कुठेही गेले, तरी जन्माची मूळ नोंद गावातच होते. ग्रामपंचायत हद्दीत जन्ममृत्यूचं रजिस्टर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, असतं. जुन्या कित्येक नोंदींत बाळाचं नावच नाही, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झाली आणि नाव घालायला पुन्हा कुणी गेलं नाही. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तर पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. चूक पुढच्या पिढीतही उतरू शकते. परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद आईवडिलांनी वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करायची असते आणि तिथे आईवडिलांची नावं त्यांच्या पासपोर्टावरून घेतात.

1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात नोंदीतली चूक सुधारायची सोय आहे, नंतर नाव घालायचीही आहे. घरात मूल जन्मलं असेल तर दाखला हातात पडताच आईचं, वडिलांचं आणि मुलाचं नाव इंग्रजीत एकेक अक्षर लावून वाचा, आईवडिलांची नावं त्यांच्या आधार आणि पासपोर्टशी ताडून पाहा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद गाठा. परदेशी जायचा विचार अजून कुणाच्या डोक्यात नसला, तरीही.