पागोळ्यांचे पाणी परसबागेला



आपल्यापैकी पुष्कळांची मुले नोकरीनिमित्त ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे राहतात. पावसाळ्यात त्यांच्याकडे गेलो की आपल्याला वाटते, या लोकांना पाण्याची कसली ददात! तिकडे वर्षाला सुमारे २,५०० मि.मी. पाऊस. २६ जुलै २००५ ला तर उल्हास नदीचा पूर कल्याण-बदलापुरात शिरला होता. पण उन्हाळ्यात त्याच गावांत पाणीकपात होते, टँकर बोलवावे लागतात. पाऊस पडणे निराळे आणि पाणी हाती लागणे निराळे. म्हणूनच राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पावसाचे पाणी साठवणे किंवा जिरवणे सक्तीचे केले आहे. ठाणे, कल्याण-डोंबिवलीला हा नियम लागू आहे.

आता आपल्या घराचा हिशेब मांडू. एक चौरस मीटर छपरावर एक मि.मी. पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. १,००० चौ. फुटांचे छपर म्हणजे सुमारे ९३ चौ. मी. उडून, सांडून पाचवा हिस्सा गेला असे धरले, तरी ठाण्याला अशा छपरावरून वर्षाला १ लाख ८५ हजार लिटर पाणी येते. ५०० मि.मी. पावसाच्या गावी ३७ हजार लिटर येते. एवढ्याने उसाचे काही भागणार नाही, हे आपण जाणतोच. पण १०० चौ. फुटांच्या परसबागेला उघडिपीत रोज ४० लिटर पाणी पुरते. वांगी, मिरची, कढीपत्ता, शेवगा त्यावर जगतो.

यात एक गंमत आहे. ठाण्याला २०० लिटरचा ड्रम जूनमध्ये एकदा भरला की पावसाळाभर भरलेलाच राहतो, कारण बागेला पाऊसच पाणी देतो. पुढे आठ महिने कोरडे, आणि ड्रम पाच दिवसांत रिकामा! आपल्याकडे पावसात खंड पडतो. तेव्हा ड्रम रिकामा होतो आणि तीन मि.मी.ची एक सर आली की पुन्हा भरतो. म्हणजे तोच ड्रम आपल्याकडे अधिक वेळा कामाला येतो. महिनाभराच्या खंडाला पुरायचे तर १,२०० लिटरची टाकी हवी.

करायचे काय? पत्र्याच्या किंवा कौलांच्या वळचणीला पन्हळ बसवावी. प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरूनही चालतो. पन्हळीला पाइपाकडे थोडा उतार द्यावा. पहिल्या पावसाचे पाणी वाहू द्यावे, त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. पुढचे पाणी जाळीतून टाकीत घ्यावे. टाकी दोन फूट उंच, भक्कम ओट्यावर ठेवावी, म्हणजे तोटीखाली झारी किंवा बादली बसते. कीटकनाशकाचा रिकामा ड्रम मुळीच घेऊ नये. तोंड झाकणाने वा बारीक जाळीने घट्ट बंद असावे, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. हे पाणी झाडांसाठी आहे, पिण्यासाठी नव्हे.

टाकी भरून वाहील ते पाणी दगड-विटांचे तुकडे भरलेल्या शोषखड्ड्यात सोडावे. खड्डा घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब हवा. काळ्या जमिनीत याची अधिक काळजी घ्यावी, नाहीतर भिंतीला तडे जातात.

बोअरचे पाणी खारट असलेल्या सभासदांनी तर हा प्रयोग जरूर करावा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. खाऱ्या पाण्याने करपणारी रोपे त्यावर तरारतात.

शेवटी आपल्या घरचीच एक गोष्ट. शहरात गच्चीवर बाग करणारी मंडळी रसवंतीवरून उसाची चिपाडे मागून आणतात आणि कुंड्यांत भरतात. ओल टिकते, पुढे खत होते. आपण मात्र शेतातले पाचट पेटवून देतो! दोन भारे पाचट परसात आणा, झाडांच्या बुडाशी पसरा. टाकीतले पाणी आणखी काही दिवस पुरेल. परसबागेतला हा अनुभव पटला, तर उद्या खोडव्यातले पाचट पेटवायला आपलाच हात धजणार नाही.

पाऊस तोंडावर यायच्या आधी पन्हळी बसवून घ्याव्यात, ही सर्व सभासदांना विनंती.