‘सिन्सिअरली’ म्हणजे मनापासून?

(बी. कॉम. भाग २)

इंग्रजी पत्राच्या शेवटी ‘युवर्स सिन्सिअरली’ लिहून आपण खाली सही ठोकतो. त्यात मनाचा भाग किती आणि सवयीचा किती? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तो टाळू नये. बँक, विमा, करार, हिशेबतपासणी या सर्व व्यवहारांत समोरच्याचा हेतू शुद्ध आहे की नाही, हे बरेचदा त्याच्या शब्दांवरूनच ओळखावे लागते.

मराठी माध्यमातून आलेल्या आम्हां विद्यार्थ्यांची आणखी एक अडचण असते. सिन्सिअर, जेन्युइन, ऑनेस्ट, अर्नेस्ट, हार्टफेल्ट, फ्रँक, कॅन्डिड हे शब्द कोशात पाहावेत, तर सर्वांपुढे ‘खरा, प्रामाणिक, मनापासूनचा’ हेच दोन-तीन अर्थ आलटून पालटून दिलेले आढळतात. मग आपणही ते आलटून पालटून वापरतो. वास्तविक या शब्दांची कुळे वेगळी आहेत आणि कामेही वेगळी आहेत. ती प्रथम पाहू आणि नंतर अशा एका प्रकरणाकडे वळू, जेथे या शब्दांच्या अर्थाकडे एक अख्खे शहर डोळे लावून बसले होते.

शब्दांची कुळे

‘सिन्सिअर’ हा शब्द लॅटिन भाषेतून आला. मूळ अर्थ शुद्ध, निर्भेळ. याविषयी एक कथा पुष्कळ पुस्तकांत सांगतात: रोममधील लबाड शिल्पकार मूर्तीच्या भेगा मेणाने बुजवीत, म्हणून बिनमेणाची मूर्ती ती ‘सिने केरा’, आणि त्यावरून सिन्सिअर. भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मानीत नाहीत. गोष्ट गोड आहे, पण स्वतःच निर्भेळ नाही! शब्दाचा आजचा अर्थ मात्र साधा आहे: जे ओठांत तेच पोटात.

‘जेन्युइन’चे मूळ ‘जन्मजात’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. त्याचा भर अस्सलपणावर आहे. शंभराची नोट जेन्युइन असते, सिन्सिअर असू शकत नाही. ‘ऑनेस्ट’ हा ‘ऑनर’चा, म्हणजे अब्रूचा, भाऊबंद. त्याचा संबंध वागणुकीशी आणि खरे-खोटे सांगण्याशी. भेद लक्षात यावा म्हणून एक उदाहरण घेऊ. आपल्या काढ्याने प्रत्येक रोग बरा होतो असे एखाद्या भोळ्या वैद्याला खरोखरच वाटत असेल, तर तो सिन्सिअर आहे. पैशाच्या व्यवहारात चोख असेल, तर ऑनेस्टही आहे. पण त्याचा काढा जेन्युइन औषध ठरेलच असे नाही. म्हणजे मनापासून बोलणारा मनुष्य चुकीचे बोलत असू शकतो. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

‘फ्रँक’ हे नाव फ्रँक नावाच्या टोळीवरून आले. त्यांच्या राज्यात ते स्वतंत्र नागरिक होते, म्हणून फ्रँक म्हणजे मोकळा. ‘कॅन्डिड’चा मूळ अर्थ पांढरा, शुभ्र. रोममध्ये अधिकारपदासाठी उभे राहणारे लोक पांढराशुभ्र झगा घालून फिरत. त्यावरूनच ‘कॅन्डिडेट’ हा शब्द झाला. उमेदवार आणि पांढरे कपडे यांचे नाते आपल्याकडे कोणी नव्याने सांगायला नको. ‘कॉर्डिअल’ म्हणजे शब्दशः हार्दिक. लॅटिन ‘कोर’, इंग्रजी ‘हार्ट’ आणि संस्कृत ‘हृद्’ हे एकाच आदिकुळातले शब्द मानले जातात.

‘अर्नेस्ट’ची गंमत वाणिज्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी. विशेषण म्हणून त्याचा अर्थ कळकळीचा, गंभीरपणे घेतलेला. ‘अर्नेस्ट मनी’ म्हणजे मात्र इसाराची रक्कम. हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. उच्चार जवळ आल्याने ते एकरूप झाले. पण योगायोग अर्थपूर्ण आहे. जमिनीच्या सौद्यात ‘माझी इच्छा पक्की आहे’ असे दहा वेळा सांगण्यापेक्षा इसाराची पावती जास्त बोलते.

आपण हे शब्द मराठीत घेतले तेव्हा त्यांत बदलही केले. ‘मुलगा फार सिन्सिअर आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा तो मनातले बोलतो, असे आपल्याला सुचवायचे नसते. तो वेळेवर येतो, वह्या पूर्ण करतो, एवढेच सांगायचे असते. इंग्रजीत त्याला ‘कॉन्शिएन्शस’ म्हणतील. मुलाखतीत स्वतःला सिन्सिअर म्हणवून घेण्यापूर्वी हा फरक माहीत असावा.

शब्दाची जागा आणि शब्दाची झीज

क्रियाविशेषण वाक्यात कोठे बसते यावरही अर्थ पालटतो. ‘ही स्पोक फ्रँकली’ म्हणजे तो मोकळेपणाने बोलला. ‘फ्रँकली, ही स्पोक टू मच’ म्हणजे खरे सांगायचे तर तो फार बोलला. पहिल्या वाक्यात मोकळेपणा त्याचा, दुसऱ्यात तो सांगणाऱ्याचा. मराठीत आपण दुसऱ्या ठिकाणी ‘खरे सांगायचे तर’ असा अख्खा वाक्यांश योजतो, त्यामुळे घोटाळा होत नाही. इंग्रजीत एकच शब्द दोन्ही कामे करतो.

अशा शब्दांची झीजही लवकर होते. ‘व्हेरी’ हा आज केवळ ‘फार’ या अर्थाने वापरला जाणारा शब्द. त्याचे मूळ लॅटिन ‘वेरुस’, म्हणजे खरा. कधी काळी तो ‘खरोखर’चे काम करीत होता, वापरून वापरून त्यातले सत्य झिजले आणि जोर तेवढा उरला. ‘रिअली’ त्याच वाटेवर आहे. आपल्याकडे चौकातील प्रत्येक फलकावर ‘हार्दिक अभिनंदन’ असते आणि त्याच्या शेजारच्या फलकावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. हृदय आणि भाव दोन्ही रंगाऱ्याच्या डब्यात तयारच असतात.

पत्राच्या मायन्याचे तेच. ब्रिटिश रिवाजाप्रमाणे ‘डिअर सर’ने सुरू झालेले पत्र ‘युवर्स फेथफुली’ने संपते; नावाने सुरू झालेले पत्र ‘युवर्स सिन्सिअरली’ने. अमेरिकेत ‘सिन्सिअरली’ हा एकच शब्द बहुतेक ठिकाणी चालतो. आमच्या मराठी पत्रात ‘सा. न. वि. वि.’पासून ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’पर्यंतचा थाट असे, आणि कार्यालयीन अर्जाखाली ‘आपला विश्वासू’. कन्नडमध्ये ‘इंति निम्म विश्वासि’. हिंदीत ‘भवदीय’. चारही भाषांत लिहिणारा स्वतःला समोरच्याचा म्हणवतो, मग पत्र बिल थकल्याच्या तगाद्याचे का असेना! यात ढोंग नाही. हा शिष्टाचार आहे आणि दोन्ही पक्षांना तो ठाऊक आहे. मनाचा खरा शब्द त्याच्या वर, मजकुरात असावा लागतो. तेथे मराठी माणूस ‘मनापासून’ म्हणतो, कन्नड माणूस ‘मनसारे’ म्हणतो, आणि दोघेही ते उगाच म्हणत नाहीत.

कायदा मन कसे मोजतो?

मन कोणाला दिसत नाही. तरीही कायद्याला आणि हिशेबाला त्याचा निवाडा करावा लागतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७ आपण पहिल्या वर्षीच पाठ केलेले असते. पाळण्याचा इरादाच नसताना दिलेले वचन त्या कलमात कपटाच्या व्याख्येत बसते. म्हणजे पोकळ वचन केवळ वाईट वागणूक ठरत नाही, त्याने करार रद्द होण्याजोगा होतो.

‘गुड फेथ’, म्हणजे सद्भावना, या शब्दांबाबत तर आपल्या कायद्यांत दोन मते आहेत. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टप्रमाणे एखादी गोष्ट खरोखर प्रामाणिकपणे केली असेल तर ती सद्भावनेने केली असे समजावे, मग त्यात हयगय झालेली असो वा नसो. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ५२ याच्या उलट सांगत असे: योग्य ती काळजी आणि लक्ष दिल्यावाचून केलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेने केली असे म्हणता येणार नाही. २०२४ च्या जुलैपासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिनेही हीच व्याख्या ठेवली. एका कायद्याला स्वच्छ मन पुरते. दुसरा म्हणतो, स्वच्छ मनाबरोबर जागे डोळेही दाखवा.

हिशेबतपासनीसाचेही असेच. १९१३ च्या कंपनी कायद्यात ताळेबंदाविषयी ‘ट्रू अँड करेक्ट’ हे शब्द होते. १९५६ च्या कायद्याने ते ‘ट्रू अँड फेअर’ केले आणि २०१३ च्या कायद्यातही तेच आहेत. कारण आकडे बरोबर असूनही चित्र फसवे असू शकते. प्रत्येक वाक्य खरे आणि एकूण म्हणणे खोटे, हा प्रकार ताळेबंदात होतो तसा माफीपत्रातही होतो.

भोपाळ

आता त्या प्रकरणाकडे येऊ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली आणि लाखोंना बाधा झाली. मूळ अमेरिकन कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबरला भोपाळला आले, त्यांना अटक झाली आणि ते लगेच जामिनावर सुटले. कंपनीने जबाबदारी स्वीकारली. पण ‘जबाबदारी’च्या आधी तिने एक विशेषण जोडले: ‘नैतिक’. ऐकणाऱ्याला वाटावे की या शब्दाने जबाबदारी अधिक उंच झाली. न्यायालयाच्या भाषेत मात्र तिचे वजन त्याच शब्दाने कमी झाले, कारण नैतिक म्हणजेच कायदेशीर नव्हे.

पुढे १९८५ मध्ये खास कायदा करून पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा हक्क भारत सरकारने स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. फौजदारी बाजूने तर निकाल एकाच मुद्द्यावर फिरला: आरोपींना धोक्याची जाणीव होती, की त्यांच्याकडून केवळ हयगय झाली? १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय आरोपींवरील कलम ३०४, भाग २ हटवून कलम ३०४ अ लावले. पहिल्यात कमाल शिक्षा दहा वर्षे, दुसऱ्यात दोन. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने दोषी ठरविलेल्यांना दोन वर्षांची शिक्षा दिली. ‘जाणीवपूर्वक’ आणि ‘हयगयीने’ या दोन क्रियाविशेषणांमधले अंतर किती, तर आठ वर्षे.

याच प्रकरणात आमच्या विषयाची कसोटी पाहणारी एक घटना घडली. २००१ मध्ये युनियन कार्बाइड ही डाऊ केमिकल कंपनीच्या मालकीची झाली होती. ३ डिसेंबर २००४ रोजी, दुर्घटनेला वीस वर्षे झाली त्या दिवशी, बीबीसीच्या जागतिक वाहिनीवर ‘ज्यूड फिनिस्टेरा’ नावाचे एक गृहस्थ डाऊचे प्रवक्ते म्हणून बोलले. कंपनी दुर्घटनेची संपूर्ण जबाबदारी घेत आहे आणि पीडितांसाठी व जागेच्या सफाईसाठी बारा अब्ज डॉलर देणार आहे, असे त्यांनी जाहीर केले. भोपाळमध्ये आनंद झाला, डाऊच्या भागांची किंमत घसरली. थोड्याच तासांत उघड झाले की हे गृहस्थ ‘द येस मेन’ या अमेरिकन जोडगोळीपैकी एक होते. कंपनीने असे काहीही कबूल केलेले नव्हते.

तर मग त्या दिवशी सिन्सिअर कोण होते? इंग्लिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या आपल्या व्याख्यानांत (पुस्तकरूपाने १९६२) येथे उपयोगी पडणारा एक भेद सांगितला आहे. माफी मागणे, वचन देणे ही वाक्ये म्हणजे बोलून केलेल्या कृती होत. त्या दोन तऱ्हांनी बिघडतात. मनात नसताना वचन दिले, तर ते वचन दिले गेले, फक्त त्याचा गैरवापर झाला. पण ज्याला अधिकारच नाही त्याने वचन दिले, तर वचन घडलेच नाही. बार फुसका गेला. फिनिस्टेरा यांच्या शब्दांमागे तळमळ असेल, अधिकार नव्हता. कंपनीला अधिकार होता, पण ते शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. आणि या दोहोंमध्ये भोपाळचे लोक तासभर विश्वास ठेवून बसले. बनावट माफी उघडकीस आली ती तिच्या शब्दांत खोट होती म्हणून नव्हे. शब्द अगदी हवे तसे होते. कंपनी असे बोलणारच नाही, म्हणून ते खोटे ठरले.

तात्पर्य

यावरून काय घ्यावे? ‘डीपली’, ‘सिन्सिअरली’, ‘फ्रॉम द बॉटम ऑफ माय हार्ट’ यांची संख्या वाढवून प्रामाणिकपणा वाढत नाही. दुःख व्यक्त करणारे कोणतेही पत्र, मग ते मोठ्या कंपनीचे असो वा आपले स्वतःचे, हाती आले की तीन प्रश्न विचारावेत. बोलणाऱ्याला हे बोलण्याचा अधिकार आहे काय? ‘घडले’ असे म्हटले आहे की ‘आम्ही केले’ असे? आणि शेवटी इसार दिला आहे काय, म्हणजे पुढे नेमके कोण, केव्हा, काय करणार हे लिहिले आहे काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर एकही क्रियाविशेषण नसले तरी पत्र मनापासूनचे समजावे. नसतील, तर सहीच्या वर काय छापले आहे याला महत्त्व नाही.

आपल्यापैकी अनेकजण उद्या बँकेच्या, कारखान्याच्या किंवा सरकारी कचेरीच्या टेबलामागे बसतील आणि अशी पत्रे लिहिणे हे आपलेच काम असेल. तेव्हा इंग्रजी शब्द जरूर नीट वापरावेत. मात्र लिहिण्यापूर्वी ते वाक्य एकदा घरच्या मराठीत किंवा कन्नडमध्ये, समोर बसलेल्या माणसाला सांगून पाहावे. तेथे जे सांगताना जीभ अडखळते, ते इंग्रजीतही लिहू नये.