मन ‘नको’ म्हणते तेव्हा फक्त पाच मिनिटे

“उद्यापासून नक्की चालायला जाणार!” डॉक्टरांनी बीपी किंवा साखर वाढल्याचे सांगितले, की हे वाक्य घरोघरी ऐकू येते. तीन-चार दिवस चालणे होतेही. मग एक दिवस पाऊस येतो, एक दिवस नळाला पाणी उशिरा येते, एक दिवस ड्युटी लांबते आणि चालणे थांबते ते थांबतेच.

मग आपण स्वतःलाच आळशी म्हणतो. पण हा काही आपल्या स्वभावाचा दोष नाही. व्यायामाचा त्रास लगेच जाणवतो आणि फायदा काही महिन्यांनी दिसतो, म्हणून मन टाळाटाळ करते. अष्टांगिक मार्गातल्या ‘सम्यक व्यायाम’ या शब्दात व्यायाम म्हणजे प्रयत्न. इथेही खरा प्रयत्न दाराबाहेर पहिले पाऊल टाकण्याचाच असतो.

सुरुवात लहान ठेवा

मनाला अर्धा तास सांगू नका, पाच मिनिटे सांगा. पाच मिनिटांनी परत यावेसे वाटले तर खुशाल या. बहुतेक वेळा अंग मोकळे झाले की माणूस पुढे चालतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल करायला सांगते. ती सलग किमान दहा मिनिटे असावी ही जुनी अट २०२० मध्ये काढली गेली. म्हणजे पाच मिनिटेही हिशेबात धरली जातात. चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग मध्यम समजावा.

वेळ नव्हे, खूण ठरवा

“वेळ मिळाला की चालेन” म्हटले, तर वेळ कधीच मिळत नाही. रोजच्या कामाला व्यायाम जोडा. पाणी भरून झाले की, मुलाला शाळेत सोडून परतताना, किंवा रात्री जेवण झाल्यावर. मधुमेह असेल तर जेवणानंतरचे चालणे विशेष उपयोगी. गल्लीत जागा नसेल तर घरातच जागेवर चाला, खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस करा.

“दिवसभर कामच करते, वेगळा व्यायाम कशाला?” असे भगिनी विचारतात. श्वास वाढवणारे घरकाम जरूर मोजा. पण चुलीपुढे उभे राहणे किंवा शिलाई मशीनवर बसणे त्यात येत नाही. तिला वीस मिनिटे मिळावीत म्हणून भांडी घरातल्या दुसऱ्या कोणी घासावीत. एकटीला संकोच वाटत असेल तर शेजारणीला सोबत घ्या. कोपऱ्यावर कोणी वाट पाहत असले, की टाळणे अवघड जाते.

खाडा पडला तर?

लंडनच्या संशोधकांनी २००९ मध्ये ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवसांतच जमेल, तर कुणाला २५४ दिवस लागतील असे दिसले. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. म्हणून खाडा पडला तर सोडून देऊ नका. एक दिवस चुकला तरी दुसरा चुकवायचा नाही, एवढे पाळा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा.

छातीत दुखले, चक्कर आली किंवा खूप धाप लागली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी.

आज रात्री जेवण झाले की पाच मिनिटे चालून या.