गटे-ओक

जर्मनीतील वायमार शहराच्या वायव्येस एटर्सबेर्ग टेकडीवर असलेला एक जुना ओक वृक्ष. जर्मन महाकवी योहान वोल्फगांग फोन गटे (१७४९–१८३२) याच्या नावाने तो ओळखला जाई. १९३७ मध्ये या टेकडीवर नाझी राजवटीने बूखेनवाल्टची छळछावणी उभारली आणि हा वृक्ष तिच्या कुंपणाच्या आत आला. १९४४ मध्ये तो जळाला व नंतर तोडण्यात आला. त्याचा बुंधा आजही तेथे जतन करून ठेवलेला आहे.

कवी, धर्मसुधारक वा राजपुरुष यांची नावे जुन्या वृक्षांना देण्याची प्रथा जर्मनीत फार दिवसांपासून आहे. अशा वृक्षांच्या मुळाशी बहुधा इतिहासापेक्षा आख्यायिकाच अधिक असते. गटे-ओकची गोष्ट याहून वेगळी नाही. गटेचा एटर्सबेर्गशी संबंध मात्र निःसंशय होता. तो १७७५ मध्ये वायमारच्या दरबारी आला. टेकडीच्या उत्तर उतारावरील एटर्सबुर्ग प्रासादात राजमाता आना आमालिया उन्हाळ्यात राही, तेथे नाट्यप्रयोग होत आणि गटे त्यांत भाग घेई. पथिकाच्या रात्रिगीतांपैकी पहिल्या गीताखाली त्याने स्वतः या टेकडीच्या उताराचा व १२ फेब्रुवारी १७७६ या दिवसाचा निर्देश केलेला आहे. शार्लोट फोन श्टाइन या आपल्या विदुषी मैत्रिणीसह तो या ओकखाली बसत असे, असे लोकपरंपरा सांगते. परंतु त्यास लेखी आधार नाही. उलट, योहान पेटर एकरमान याने नोंदविलेल्या संभाषणांत २६ सप्टेंबर १८२७ च्या सहलीचा जो वृत्तांत आहे, त्यात वृद्ध गटे पन्नास वर्षांपूर्वी मित्रांनी नावे कोरलेल्या एका झाडाची आठवण काढतो. ते झाड ओक नसून बीच होते. वनखात्याच्या नकाशांवर प्रस्तुत वृक्षाची नोंद केवळ ‘जाड ओक’ अशी होती. ‘गटे-ओक’ हे नाव प्रामुख्याने छावणीतील कैद्यांच्या तोंडी रूढ झाले.

छावणीचे नावही गटेमुळेच बदलले, हे येथे सांगितले पाहिजे. जुलै १९३७ मध्ये पहिले कैदी आले, तेव्हा तिला एटर्सबेर्ग असे म्हणत. हे नाव गटेच्या स्मृतीशी निगडित असल्याने वायमारमधील नाझी सांस्कृतिक संघटनेने त्यास हरकत घेतली. हरकत छावणीला नव्हती, नावाला होती. तेव्हा ‘बीच वृक्षांचे वन’ या अर्थाचे ‘बूखेनवाल्ट’ हे नाव मुद्दाम बनविण्यात आले. कैद्यांकडून जंगल तोडवून घेऊन जागा मोकळी करण्यात आली. हा एक ओक तेवढा राखला गेला. त्याच्या एका बाजूस धुलाईघर व दुसऱ्या बाजूस स्वयंपाकघर बांधण्यात आले.

या विसंगतीवर प्रथम लिहिणाऱ्यांत ऑस्ट्रियन कादंबरीकार योझेफ रोट हा होता. पॅरिसमध्ये निर्वासित असताना मे १९३९ मध्ये त्याने या ओकवर एक छोटा उपरोधपर लेख लिहिला. निसर्गसंरक्षणाचा कायदा झाडाला लाभतो, माणसाला लाभत नाही, हा त्याचा रोख होता. त्यानंतर काही दिवसांतच, २७ मे रोजी, तो मरण पावला. १९३८ मध्ये बूखेनवाल्टमध्ये डांबलेला जर्मन लेखक एर्न्स्ट वीखर्ट याने आपल्या छावणीच्या अनुभवांवरील पुस्तकात याच झाडाखालच्या आपल्या मनःस्थितीचे वर्णन केले. ते १९३९ मध्ये लिहून झाले, पण प्रसिद्ध व्हायला युद्ध संपावे लागले.

कैद्यांच्या लेखी या वृक्षाला एकच अर्थ नव्हता. काही जर्मन कैद्यांना तो नाझींच्या हाती न लागलेल्या दुसऱ्या जर्मनीची खूण वाटे. इतर देशांतील अनेकांना तो जर्मन सत्तेचेच प्रतीक वाटे. हा ओक पडेल तेव्हा जर्मन साम्राज्य पडेल, अशी वदंता छावणीत पसरली होती. जॉर्ज आंझेली या फ्रेंच कैद्याने जून १९४४ मध्ये जिवावर उदार होऊन छावणीची गुप्तपणे छायाचित्रे घेतली, त्यांत या ओकचेही छायाचित्र आहे.

२४ ऑगस्ट १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी छावणीलगतच्या शस्त्रास्त्र-कारखान्यावर बाँबहल्ला केला. कारखान्यात राबणारे तीनशेहून अधिक कैदी त्यात मृत्युमुखी पडले. आगीची झळ ओकला लागली. जळालेले झाड पुढे तोडण्यात आले. त्या वेळी कैद्यांनी लाकडाचे तुकडे लपवून ठेवले. ब्रूनो आपिट्स या कम्युनिस्ट कैद्याने अशाच एका तुकड्यातून मरणोन्मुख माणसाचा मुखवटा कोरला. ‘अखेरचा चेहरा’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाणारी ही कलाकृती बर्लिन येथील जर्मन ऐतिहासिक संग्रहालयात आहे. आपिट्सने पुढे बूखेनवाल्टवर लिहिलेली कादंबरी (१९५८) अनेक भाषांत गेली.

११ एप्रिल १९४५ रोजी छावणी मुक्त झाली. तोपर्यंत तेथे व तिच्या उपछावण्यांत मिळून सु. २,८०,००० माणसे डांबली गेली व सु. ५६,००० प्राणास मुकली. त्यानंतर १९५० पर्यंत सोव्हिएट अधिकाऱ्यांनी याच जागेचा बंदिवासासाठी उपयोग केला व त्या काळातही ७,००० हून अधिक माणसे दगावली. १९५८ मध्ये पूर्व जर्मन शासनाने येथे राष्ट्रीय स्मारक उभारले.

बूखेनवाल्टमध्ये बंदी असलेला स्पॅनिश लेखक होर्हे सेंप्रून याने १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या फ्रेंच पुस्तकात गटे व एकरमान यांना कल्पनेने पुन्हा या टेकडीवर फिरावयास लावले आहे. या कल्पनेला वास्तवाचाही एक धागा आहे. फ्रान्सचा माजी पंतप्रधान लेआँ ब्लूम यास १९४३ पासून छावणीच्या कुंपणालगतच्या एका घरात स्थानबद्ध केले होते आणि याच ब्लूमने तरुणपणी, १९०१ मध्ये, गटे व एकरमान यांची नवी संभाषणे रचून प्रसिद्ध केली होती.

धुलाईघर व स्वयंपाकघर आता उरलेले नाही. खडी पसरलेल्या उघड्या मैदानात वृक्षाचा रुंद बुंधा तेवढा दिसतो.