एका पायाचं गणित

लांब दांड्याचा झाडू तळहातावर उभा धरून पाहा. थोडी धडपड होईल, पण चार-पाच सेकंद तो तोलता येतो. आता तळहातावर पेन्सिल उभी करा. हात हलवायच्या आत ती आडवी! उंच वस्तू सावकाश कलते, बुटकी झटकन. एवढं कळलं की उंच मोटरसायकलची निम्मी भीती जाते.

उरलेली निम्मी सिग्नलला भेटते.

रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 घ्या. सीट जमिनीपासून 825 मिलिमीटर, वजन 196 किलो. चालवणारी पाच फूट दोन इंचांची असेल, तर तिच्या पायाची आतली लांबी ढोबळमानाने 71-72 सेंटिमीटर. म्हणजे दहाएक सेंटिमीटरची तूट. त्यात सीट रुंद. मांड्या फाकल्या की पाय तिरके जातात, आणि तिरका पाय जमिनीपर्यंत कमीच पुरतो. जाड तळाचे बूट आणि वजनाने दबणारं सस्पेन्शन थोडी भरपाई करतात, पण दोन्ही टाचा काही टेकत नाहीत.

मग अशी माणसं ताम्हिणी घाट चढतात तरी कशी? गंमत अशी की चालत्या गाडीला पायांची गरजच नसते. गाडी डावीकडे कलली की पुढचं चाक डावीकडे वळतं आणि टायर पुन्हा पडत्या वजनाखाली येतात. झाडू तोलताना आपला हात हेच करत होता. चाकं भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून तोल राहतो, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. पण 2011 साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक अजब सायकल मांडली. तिच्यातला भोवऱ्याचा परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी पुसून टाकला होता. तरीही, स्वाराविना ढकलून दिल्यावर ती स्वतःला सावरत पळाली!

म्हणजे उंचीचा प्रश्न उरतो तो गाडी थांबते त्या काही क्षणांपुरता. आणि तेव्हाही दोन पाय लागतात कुठे?

सरावलेली रायडर थांबताना नीट पाहा. हँडल सरळ, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. गाडी थांबता थांबता ती बूड सीटवरून डावीकडे सरकवते. कंबर डावीकडे उतरते, डावा पाय सीटला वळसा न घालता सरळ खाली जातो आणि चवडाच नव्हे, कधीकधी अख्खं पाऊल टेकतं. निघताना अर्ध्या क्लचवर गाडी हलली की बूड पुन्हा मधोमध.

पण 196 किलो एका पायावर? इथे एक हिशेब करू. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आणि हँडल एक मीटरवर धरलं, तर पाच अंश कललेली गाडी धरून ठेवायला हँडलपाशी साधारण साडेआठ किलोचा जोर लागतो. पाण्याच्या अर्ध्या बादलीएवढा. पंधरा अंशांना 25 किलो, तीस अंशांना 49. उभ्या गाडीचं जवळजवळ सगळं वजन टायरच पेलतात. पायाच्या वाट्याला येतो तो फक्त कल. म्हणून ताकदीपेक्षा कल वेळीच ओळखणं मोलाचं. आणि म्हणूनच हळू वेगात, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक करकचून दाबणं घातक: गाडी क्षणात पाच अंशांवरून तिसावर जाते.

गाडीच खाली आणता येत नाही का? येते. हिमालयनला कमी उंचीची सीट मिळते, 805 मिलिमीटरची. दोन सेंटिमीटर म्हणजे टाच आणि चवडा यांतला फरक. सस्पेन्शन खाली घेतलं तर मात्र किंमत मोजावी लागते. गाडीचं पोट दगडांना घासू लागतं, आणि साइड स्टँड तेवढाच आखूड केला नाही तर गाडी स्टँडवर फार ताठ उभी राहून दुसऱ्या बाजूला कोसळू शकते. हार्ली-डेव्हिडसनने 2021 मध्ये पॅन अमेरिकाच्या एका मॉडेलवर वेगळीच युक्ती आणली: गाडी थांबायला आली की सस्पेन्शन आपोआप खाली बसतं, निघाली की पुन्हा वर.

सगळ्यांत स्वस्त युक्ती मात्र डोळ्यांत आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. डाव्या कडेला थांबलात तर नेमकी डाव्या पायाखालचीच जमीन खोल! म्हणून बुटका रायडर दोन फूट अलीकडे, सपाट जागी थांबतो. पार्किंगमध्ये गाडीचं तोंड उताराकडे करून लावत नाही, कारण नंतर चवड्यांवर 196 किलो मागे रेटत चढवायचे असतात.

उंच माणूस आधी थांबतो, मग पाय टाकतो. बुटका आधी पायापुरती जमीन शोधतो, मग थांबतो.